दूधचोराचं पाणी

मेल्क सकाळपासून गवत कापत होता आणि सकाळपासून बोलत होता. दोन्ही कामं त्याला एकदम जमायची. विळ्याचा लांब दांडा उजवीकडून डावीकडे गेला की एक वाक्य पुरं व्हायचं, आणि विळा मागे आला की दुसरं सुरू. मी खालच्या पट्टीत माझं गवत उलटत होतो, त्यामुळे ऐकून घेणं भाग होतं.

"बघ टोबी, बघ त्या रानाकडं. गवत हाय का फुलांचं ताट मांडलंय?"

मी बघितलं. मेल्कच्या पट्टीला लागून ओटिलीची पट्टी होती. मेल्कचं गवत निम्मं आडवं झालं होतं. ओटिलीचं उभंच होतं, आणि त्यात ते पांढरं फूल दाटीनं आलं होतं. एवढंसं फूल, मधे पिवळा ठिपका, पाकळ्यांवर जांभळ्या रेघा. आमच्या बायका त्याला डोळेसुख म्हणतात आणि पुरुष दूधचोर म्हणतात. दोन्ही नावं खरी आहेत. वरून ते गरीब दिसतं, पण जमिनीखाली त्याची मुळं शेजारच्या गवताची मुळं धरतात आणि त्याचा रस पितात. गवत खुरटतं, खुरटलं गवत गाय खाते, आणि बादली भरत नाही. ते दर साली आपल्याच बियांतून उगवतं. बी धरायच्या आत गवत कापलं तर दोन-तीन सालांत रानातून नाहीसं होतं. म्हणून आमचे पुरुष जुलैअखेरच्या संत याकोबाच्या सणाआधी कापतात. आणि म्हणूनच ओटिली त्यानंतर महिन्यानं येणारा संत बार्थोलोम्याचा सण झाल्याशिवाय विळ्याला हात लावत नसे.

ओटिली म्हणजे मेल्कच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ योस्ट जंगलात झाडाखाली सापडून गेला. मागे राहिली ही, एक गाय, चार शेळ्या आणि उतारावरची ही पट्टी. दोघांची घरं म्हणजे एकाच लाकडी घराचे दोन भाग. उंबरे वेगळे, चुली वेगळ्या, तळघर एक. भांडायला लांब जावं लागत नसे.

ती दंताळं खांद्यावर टाकून चढ चढून आली तेव्हा मेल्क विळा पाजळत होता.

"वैनी, तुमच्या रानात चोर माजलेत."

"माजू द्या. माज करायचा मक्ता एकट्या तुमचाच न्हाई, भावजी."

"माझ्या ब्रूनीचं दूध आटलंय."

"ब्रूनी म्हातारी झाली. तिच्या तोंडात दात किती उरलेत ते आधी बघा, मग माझ्या फुलांस्नी शिव्या द्या."

"बी उडतंय तुमचं. मधी धोंडा रोवलाय हद्दीचा, पन बियाला हद्द कळती व्हय?"

"मग काय करू? वाऱ्याला कुंपन घालू?"

"याकोबाच्या सनाआधी कापा. समदा गाव कापतो तसं."

"समदा गाव मार्चात डोळं धुवायला कुनाच्या दारात येतो?"

यावर मेल्क गप्प बसायला हवा होता. उतारावरचं गवत आम्ही वरच्या खोपटांत भरून ठेवतो आणि हिवाळा सरता सरता, बर्फ घट्ट असताना, लाकडी घसरगाड्यांवरून खाली आणतो. त्या दिवशी खाली बर्फ, वर ऊन, मधे माणूस. बर्फावरून उलटलेलं ऊन डोळ्यांत शिरतं, आणि संध्याकाळी माणूस भिंत चाचपत फिरतो. ओटिली ती फुलं वाळवून दारूत मुरवायची. तिच्या आजीनं शिकवलेलं. त्या सकाळी तिच्या पायरीवर कोमट पाण्याचं तसराळं असायचं, त्यात त्या अर्काचे थेंब पडायचे, आणि आम्ही एकेक जण डोळे धुऊन वर जायचो. त्याच्या बदल्यात तिचं गवतही आमच्या गाड्यांवरून खाली यायचं. असं कुणी कधी ठरवलं नव्हतं, पण तिची गाय त्यावर जगत होती. रांगेत पहिला नेहमी मेल्क असे.

पण मेल्क गप्प बसला तर तो मेल्क कसला.

"त्या पान्याचं काय सांगता? ते बायकांचं समाधान हाय. हे डोळं मला बापानं दिलेत, तुमच्या बाटलीनं न्हाई. म्या आता सरळच सांगतो. मे महिन्याच्या गावसभेत ठराव मांडनार. समद्या उताराला एकच दिवस. याकोबाच्या आधी घंटा वाजली की ज्यानं त्यानं आपलं कापायचं. ज्याचं उभं राहील त्याचं गाव कापंल."

गावसभेत बायकांना हात वर करता येत नसे. बोलताही येत नसे. त्या कब्रस्तानाच्या भिंतीपलीकडे उभ्या राहून ऐकत. ओटिलीच्या रानाचा निवाडा ओटिलीला सोडून सगळे करणार होते.

तिनं दंताळं खाली टेकवलं. ती रागावली की आवाज चढवत नसे, उलट खाली आणत असे, आणि ते वाईट असे.

"मांडा की. पन मग चोराचं पानी कुनाला मिळनार न्हाई. येत्या मार्चात न्हाई. चोरीचा माल लोकांच्या डोळ्यांत घालनं बरं न्हवं."

"आन तुमचं गवत कोन खाली आननार?"

"माझं मी आनीन."

मेल्क हसला आणि पुढचा पट्टा कापू लागला. मी हसलो नाही. मी योस्टबरोबर वाढलेला माणूस. ही बाई बोलली म्हणजे करणार, हे मला ठाऊक होतं.

*

मार्च आला आणि पुन्हा बर्फ पडलं. जुन्या घट्ट बर्फावर हातभर नवं, पिठासारखं. मग एका सकाळी उजाडलं ते असं की आभाळात बोटभर ढग नाही. म्हातारा अंब्रोस, आमचा गावकारभारी, दारात येऊन नाक वर करून उभा राहिला आणि म्हणाला, "आज." तो एवढंच म्हणत असे. त्यावर सगळा गाव निघत असे.

सवयीनं आम्ही सगळे ओटिलीच्या पायरीपाशी जमलो. पायरी कोरडी होती. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग दार उघडलं आणि ओटिली योस्टची घसरगाडी ओढत बाहेर आली. डोक्यावर योस्टचीच रुंद टोपी, आणि चेहरा कपाळापासून गालापर्यंत काळाकुट्ट.

कास्पार, जो प्रेतयात्रेतसुद्धा काहीतरी बोलतोच, तो म्हणाला, "ओटिली, चूल अंगावर पडली का काय?"

"काजळी आन चरबी. माझा बाप लावायचा. तुमी बी लावा, आज ऊन चावनार हाय."

"आन पानी?"

"पानी चोराचं हाय. मी बी न्हाई घेतलं."

आता लोक घाबरले. पाण्याची इतकी सवय झाली होती की काजळी लावायची रीत म्हाताऱ्यांच्या आठवणीतच उरली होती. कास्पार धावत जाऊन त्याच्या बायकोच्या धुराड्यातून डबाभर काजळी खरवडून घेऊन आला. चरबी कुणाच्या तरी घरून आली. खालच्या गावातल्या हॉटेलांत बर्फावर घसरायला येणारे पाहुणे काळे चष्मे लावतात, पण तो साहेबलोकांचा दागिना. आमच्यात तसला चष्मा लावून गेला असता तर त्याला मरेपर्यंत साहेब म्हटलं असतं. काजळी बरी. घटकाभरात सगळा गाव कोळसे पाडणाऱ्यांच्या टोळीसारखा दिसू लागला.

मेल्क शेवटी आला. दाढी केलेली, चेहरा लख्ख, टोपी मागे सरकवलेली.

"लाव की रं," कास्पारनं डबा पुढे केला.

"तोंड काळं करायला म्या काय कुनाचं चोरलंय?" मेल्क म्हणाला, आणि सगळ्यांच्या पुढे होऊन चालू लागला. त्या साली वाट पाडायची पाळी त्याचीच होती.

वर जाताना ओटिली शेवटी होती. आपल्या गाडीची दोरी छातीवरून घेऊन ती आमच्या पावलांत पावलं टाकत येत होती. वरच्या खोपटापाशी पोचेपर्यंत ऊन डोंगराच्या धारेवरून उतरलं, आणि सगळा उतार एकदम पेटल्यासारखा पांढरा झाला. काजळी असूनही माझे डोळे बारीक झाले. मेल्क पुढे उभा होता, कमरेवर हात ठेवून, डोळे टक्क उघडे.

"बघा," तो म्हणाला, "काय बी न्हाई."

ज्यानं त्यानं आपापले भारे बांधले. ओटिलीनं आपला बांधला. बाईच्या मानानं मोठा बांधला, आणि तोच तिचा हट्ट होता. उतरताना गाडीच्या पुढे उभं राहून, टाचा बर्फात रोवत, भाराला पाठीनं रोखावं लागतं. अर्ध्या वाटेवर तिचा भारा कलला आणि गाडी तिच्यासकट घळीकडे सरकू लागली. कास्पार आणि मी मागेच होतो. आम्ही आमच्या गाड्या आडव्या टाकल्या आणि तिचा भारा धरला.

"मी मागितलं न्हाई," ती धापा टाकत म्हणाली.

"आमी बी दिलं न्हाई," कास्पार म्हणाला. "नुसतं धरलंय."

तेवढा एक भारा तिनं घरी आणला. बाकी गवत वरच राहिलं. एका भाऱ्यावर तिची गाय ईस्टरपर्यंतसुद्धा तगणार नव्हती, आणि रानात नवं गवत यायला त्यानंतरही बराच वेळ होता. हे तिलाही कळत होतं. तिनं भारा गोठ्याच्या माळ्यावर चढवला आणि दार लावून घेतलं.

*

दुपारी आम्ही गावातल्या खाणावळीत बसलो. कॉफीत बटाट्याची दारू, पाव, चीज. आमचे चेहरे काळे आणि मेल्कचा लालबुंद. तो मधोमध बसून सगळ्यांची फिरकी घेत होता.

"आरशात बघा जरा. तुमच्या गाई तुमास्नी वळखनार न्हाईत. पान्याशिवाय काय झालं? काय बी न्हाई. म्हंजे पानी नको, फूल नको, आन चोर बी नको. मे महिन्यात हात वर करताना हे ध्यानात ठेवा."

बोलण्यात तथ्य होतं, आणि तेच वाईट होतं. खरंच कुणाच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. ओटिलीनं पाणी रोखलं ते आमचं नाक दाबायला, आणि त्यातून एवढंच दिसलं की पाण्यावाचून गावाचं अडत नाही. तिनं आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

ऊन कललं तसा मेल्क डोळे चोळू लागला.

"स्टोव्ह धुरतोय," तो म्हणाला.

स्टोव्ह धुरत नव्हता.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "कुनी कांदा कापतंय का?"

कुणी कापत नव्हतं. मग त्यानं डोळे मिटले ते उघडेचनात. पापण्यांखाली मूठ-मूठ वाळू भरलीय, असं तो म्हणाला. गालांवरून पाणी वाहत होतं. कास्पार तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याला टेबलाखालून लाथ मारली. मग मी मेल्कचा हात धरला आणि त्याला घरी नेलं. वाटेत तो एकदाच बोलला. "कुनी बघतंय का?" मी म्हणालो, नाही. सगळा गाव खिडक्यांत उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या गाईंचं दूध काढायला मी गेलो. त्याची बायको करोलिना एकटी पुरी पडली नसती. दुधाची बादली घेऊन आत आलो तर खोलीत घोंगडी लावून अंधार केलेला. मेल्क बाकावर उताणा पडला होता, आणि शेजारी ओटिली बसली होती. करोलिना जावेच्या उंबऱ्यावर रडत गेली होती, आणि ही आली होती. तसराळ्यात फडकं बुडवून, पिळून, ती त्याच्या पापण्यांवर ठेवत होती.

"गार वाटतंय का?"

"वाटतंय."

"उद्या-परवा उघडतील. बापाला माझ्या असंच झालं व्हतं."

दुखणाऱ्या माणसाला कुणावर तरी राग काढावा लागतो.

"तुमच्या पान्यात दम न्हाई, वैनी."

"आता तर ठेवलं. दम धरा."

"आताचं न्हाई म्हनत."

फडकं तिच्या हातात राहिलं.

"तुमी कालच्याला पानी कुठं घेतलं व्हतं?"

"घेतलं व्हतं."

"कुठनं?"

"तळघरातनं. तुमच्या चीजच्या फळीमागनं. सकाळी पान्यात थेंब टाकले, बराबर टाकले, दर साली तुमी टाकता तसंच. दोन्ही डोळं धुतलं."

करोलिना चुलीपाशी होती. तिनं हातातलं झाकण हळूच खाली ठेवलं.

मला वाटलं, आता ओटिली ओरडेल. चोर म्हणेल. म्हणायला जागा होती. पण ती म्हणाली, "आन तरी असं झालं?"

"तरी झालं."

"दर साली तुमी उघड्या तोंडानंच जाता. कधी काय झालं न्हाई."

"पडल्या पडल्या त्येचाच इचार केला," मेल्क म्हणाला. "दर साली त्या दिवशी ढग असायचं, वैनी. न्हाईतर बर्फ जुनं, मळकं असायचं. औंदा ढग बी नव्हता आन बर्फ बी नवं. बाकी काय फरक न्हाई. पानी तेच व्हतं."

तिच्या चेहऱ्यावर काल धुऊनही काजळीच्या रेघा राहिल्या होत्या. ती तिथं बसली होती आणि मला तिच्याकडे बघवेना. योस्ट गेला तेव्हा मी तिला बघितलं होतं. तेव्हा ती रडली होती. आता रडत नव्हती, पण काहीतरी तसंच गेलं होतं. आजीनं दिलेली, आईनं राखलेली एकच गोष्ट तिच्यापाशी होती, जिच्यासाठी गाव तिच्या दारात येत होता. आणि ती गोष्ट पोकळ होती, हे तिला तिच्याच दिरानं, तिच्याच चोरलेल्या बाटलीच्या आधारानं सांगितलं होतं.

मग तिनं फडकं पुन्हा भिजवलं, पिळलं आणि त्याच्या डोळ्यांवर ठेवलं.

"टोबी," ती मागे न बघता म्हणाली, "तू हितं न्हाईस."

"न्हाई," मी म्हणालो, आणि दूध ठेवून बाहेर आलो. आता दोघंही देवाघरी गेलीत, करोलिनासुद्धा, म्हणून सांगतो आहे.

*

गावात मात्र गणित वेगळंच मांडलं गेलं, आणि ते गणित चुकीचं म्हणावं तर कुठं चुकलं ते कुणाला दाखवता येईना. कास्पारनंच ते सुरू केलं.

"मेल्क दर साली उघड्या तोंडानं जातो. पानी घेतो, काय व्हत न्हाई. औंदा पानी न्हाई, आन आंधळा झाला. आमास्नी काजळीनं तारलं. पन त्येला दर साली कुनी तारलं? पान्यानंच की."

हे प्रत्येकाला पटलं. ज्या माणसानं फुलाला चोर म्हटलं, फुलानं नेमकं त्यालाच धरलं, असंही बायका म्हणू लागल्या. पाद्रीबाबा म्हणाले की असं म्हणणं बरोबर नाही, पण तेही हसले.

मेल्कचे डोळे तिसऱ्या दिवशी उघडले. हे सगळं त्याच्या कानावर गेलं तेव्हा तो माझ्या गोठ्यात आला आणि गव्हाणीवर बसून राहिला.

"म्या खरं सांगितलं," तो म्हणाला, "की पानी घेतलं व्हतं, तर ठराव तिथल्या तिथं पास व्हतो. फूल गेलं, ब्रूनीचं दूध आलं."

"व्हय."

"पन मग म्या इधवेच्या फळीमागनं बाटली उचलली, हे बी आलं."

"ते बी आलं."

"आन म्या, मेल्क, त्या पान्यावर भरवसा ठेवून गेलतो, हे बी."

मला वाटतं, त्याला हे तिसरं सगळ्यात जड जात होतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी त्याची गत झाली होती. मी काही सल्ला दिला नाही. त्यालाही तो नको होता.

ओटिलीची गतही बरी नव्हती. गाईपुढचं गवत संपलं तेव्हा तिनं दोन शेळ्या खालच्या गावात दिल्या आणि त्यांच्या बदल्यात गवत घेतलं. वर पडलेलं आणायला एकटी दोनदा गेली. दुसऱ्यांदा मला वाटेत भेटली तेव्हा मी विचारलं, "तू का न्हाई सांगत त्येनं बाटली चोरली म्हनून?"

"सांगून काय?" ती म्हणाली. "तो चोर ठरंल, आन माझं पानी खोटं ठरंल. आपलेच दात, आपलेच ओठ."

*

मे महिन्यातल्या रविवारी, प्रार्थना झाल्यावर, चर्चच्या पटांगणात गावसभा भरली. पुरुष गोल उभे राहिले. बायका कब्रस्तानाच्या भिंतीपलीकडे. ओटिली योस्टच्या थडग्याशेजारी उभी होती, तिथून पटांगण नीट दिसतं. मेल्कचे डोळे अजून उन्हात ओलावत होते. त्यानं टोपी खाली ओढली होती.

रस्त्याचं झालं, पुलाच्या फळ्यांचं झालं. मग अंब्रोस म्हणाला, "मेल्कचा ठराव. उतार समद्यांनी एकाच दिवशी कापायचा, याकोबाच्या आधी. कुनाला काय बोलायचंय?"

कास्पारला बोलायचं होतं. तो कधी राहिलाय?

"मला मेल्कलाच एक इचारायचंय. मेल्क, दर साली पानी आन उघडं तोंड, तवा काय झालं न्हाई. औंदा नुसतंच उघडं तोंड, आन डोळं गेलं. असंच झालं ना? तुझ्या तोंडनं ऐकू दे, म्हंजे हात वर करायला सोपं जाईल."

मेल्कनं माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. ओटिली हलली नाही. तिनं डोळे मिटले होते. एका शब्दावर तिचं रान टांगलं होतं, आणि तो शब्द ज्याच्या तोंडात होता त्याला फक्त खरं बोलायचं होतं.

"औंदा पानी न्हवतं," मेल्क म्हणाला.

"म्हंजे असंच झालं?"

"म्हनलं ना, न्हवतं. आता एकच गोष्ट किती बारी वदवून घेनार?"

अंब्रोसनं हात वर करायला सांगितले. ठरावाच्या बाजूनं थोडे हात वर आले, तेही ज्यांची रानं ओटिलीच्या खालच्या अंगाला होती त्यांचे. मेल्कचा हात खिशात होता. मी माझा वर केला नाही. ठराव पडला.

सभा सुटल्यावर भिंतीपाशी दोघं समोरासमोर आली. मी मधे होतो, पण मी तिथं नाही हे आता दोघांनाही ठाऊक होतं.

"खोटं बोललात, भावजी."

"चोर म्हनवून घेन्यापरीस शेजारी चोर ठेवलेला बरा," मेल्क म्हणाला. "अर्धं घर तुमचं, अर्धं माझं. जायचंय कुठं?"

तो निघून गेला. ती जिंकली होती. तिच्या तोंडावर जिंकल्याचं काही दिसत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात फूल नेहमीपेक्षा जास्त आलं. मेल्कच्या पट्टीतही आलं, कडेकडेनं. तो त्याच्याकडे न बघता कापत होता आणि दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत होता. ओटिली मात्र आपल्या बांधावर यायची, फुलांसमोर उभी राहायची आणि तशीच परत जायची. असे बरेच दिवस गेले. मला वाटलं, या साली ही खुडणार नाही. मग एका सकाळी बघतो तर ती ओटीत फुलं गोळा करत होती.

"खुडतेस?" मी विचारलं.

"डोळं चुरचुरलं की गार वाटतं. तेवढं तर खरं हाय." ती थोडा वेळ खुडत राहिली. "त्येच्या डोळ्यांवर ठेवलं तवा वाटलं गार. तो खोटं बोलायच्या स्थितीत न्हवता तवा."

पुढच्या मार्चात अंब्रोस पुन्हा दारात येऊन "आज" म्हणाला. पुन्हा आभाळात ढग नव्हता. आम्ही ओटिलीच्या पायरीपाशी जमलो. पायरीवर कोमट पाण्याचं तसराळं होतं, वाफ येत होती. त्याच्या अलीकडे एका थाळीत काजळी आणि चरबी कालवून ठेवली होती. ओटिली दारात उभी होती.

"आधी डोळं धुवायचं," ती म्हणाली, "आन लगेच हे लावायचं. कपाळापासनं गालापतूर. टोपी खाली."

"दोन्ही?" कास्पार म्हणाला. "पानी हाय तर काजळी कशाला?"

"काजळीबिगर पानी लागू पडत न्हाई. माझ्या आजीनंच सांगितलं व्हतं. मधल्या सालांत मीच इसरले."

आजीनं असलं काही सांगितलं नव्हतं. हे ओटिलीला ठाऊक होतं, मला होतं, आणि रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसालाही होतं. कास्पारनं कुरकुर केली, धुतलं आणि लावलं. मग बाकीच्यांनी. मेल्कची पाळी आली तेव्हा त्यानं डोळे धुतले आणि न बोलता चेहरा पुढे केला. तिनं बोटं थाळीत बुडवून त्याच्या डोळ्यांखाली जाड थर चढवला, मग वर चढवला, मग आणखी एकदा खाली. तो हलला नाही.

मग आम्ही वर गेलो, आणि येताना ओटिलीचं गवत आमच्या गाड्यांवर होतं.

त्यानंतर आमच्या गावात उन्हानं कुणाचे डोळे गेले नाहीत. पलीकडच्या खोऱ्यातले लोक अर्काची बाटली मागायला यायचे, आणि ओटिली प्रत्येक बाटलीबरोबर काजळीची पुडी द्यायची. ते पुडी वाटेत फेकून देतात म्हणून ती चिडायची. आजही गावात कुणाला विचारा, तुमच्या माणसांचे डोळे कशानं वाचले, तर तो त्या पांढऱ्या फुलाचंच नाव घेईल. मेल्कला तर पाहुणे मुद्दाम विचारायला यायचे, कारण ज्याला पाण्यावाचून अंधारी आली तो गावात तोच एक होता. तो त्यांना सगळं सविस्तर सांगायचा.

"लई गुनाचं फूल हाय," मेल्क म्हणायचा. "दूध खातं जरा, पन लई गुनाचं."